काजळ पाण्याला भीत नाही

प्रति,
मा. मुख्याधिकारी साहेब,
नगरपंचायत कार्यालय, खैरमाळ,
ता. नेर, जि. यवतमाळ.

दिनांक : १४ ऑक्टोबर २०२५

अर्जदार : सौ. अपेक्षा रजत गावंडे, वय २६, व्यवसाय घरकाम व शेती, रा. खैरमाळ.

विषय : कोंडवाड्यात 'पिसाळलेली' म्हणून अडकवून ठेवलेली कुत्री काजळ हिला पाणी पाजण्याची परवानगी आजच्या आज मिळणेबाबत.

संदर्भ : (१) अर्जदाराचा कालचा अर्ज. (२) त्यावर कालच हाती पडलेले आपले पत्र, 'प्रात्यक्षिकाबाबत'.

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार ही खैरमाळ येथील नानाजी गावंडे यांची सून आहे. पती रजत हे हार्वेस्टरवर चालक असून सोयाबीनचा हंगाम असल्याने सध्या नांदेडकडे गेलेले आहेत. अर्जदारास नयन नावाचा सहा वर्षांचा मुलगा आहे. त्यास दीड वर्षाचा असल्यापासून फिट येतात. बोलता बोलता तो थांबतो, डोळे वर जातात आणि उभा असेल तिथे लाकूड पडावे तसा पडतो. खाली दगड आहे, पायरी आहे की चूल आहे, हे पडणाऱ्याच्या हाती नसते.

काजळ ही नयनची कुत्री. काळी, लॅब्राडोर जातीची, वय चार वर्षे. नागपूरच्या एका संस्थेने तिला शिकवून दोन वर्षांपूर्वी नयनसाठी दिली. नयनच्या जोडीला काजळ, म्हणून हे नाव आजोबांनी ठेवले आणि त्यावर आजोबाच सगळ्यांत जास्त हसले. फिट येण्याच्या काही मिनिटे आधी काजळला कळते. कसे कळते ते शिकवणाऱ्यांनाही नीट सांगता येत नाही. अंगाचा वास बदलतो म्हणतात. मग ती नयनच्या गुडघ्यांना आपले अंग लावते, त्याला खाली बसवते, बसला की आडवा करते, त्याचे डोके आपल्या पोटावर घेते आणि तो शुद्धीवर येईपर्यंत जागची हलत नाही. एवढेच तिचे काम. बाकी तिला काही येत नाही. चोर आला तर ती शेपूट हलवील.

२. अशी कुत्री घेऊन बाहेर पडणाऱ्या बाईला लोक काय काय विचारतात, याची साहेबांना कल्पना नसावी, म्हणून थोडे सविस्तर लिहिण्याची परवानगी असावी. पुढे जे घडले ते प्रश्नांपासूनच सुरू झाले.

संस्थेत अर्जदारास शिकवले होते की, अनोळखी माणसाने विचारले तर एका वाक्यात उत्तर द्यायचे, हसायचे, चालत राहायचे, आणि नजर कुत्रीवरून काढायची नाही. शिकवणाऱ्या मॅडम पुण्याच्या होत्या. पुण्यात लोक चालू देत असतील. खैरमाळात सून चालत राहिली तर तिच्या मागून तिच्या माहेरापर्यंत बोलणे जाते. म्हणून अर्जदाराने आपल्या पद्धतीने उत्तरे बसवली. 'चावते काय' असे विचारले तर नाही म्हणायची सोय नाही, कारण नाही म्हटले की चार हात काजळच्या डोक्यावर येतात. हो म्हणायचीही सोय नाही, कारण हो म्हटले की कोणीतरी दगड उचलतो. तेव्हा अर्जदार सांगते, 'अजून तिची शाळा सुरू हाय, शिकून राह्यली.' शाळा म्हटले की लोक थोडे मागे सरतात. काय खाते, याला उत्तर आहे. घरात झोपते का, यालाही आहे. चुलीपाशी येते काय, असे विचारणाऱ्या बायांना अर्जदार सरळ खोटे सांगते.

पण काही प्रश्नांना उत्तर बसवता आले नाही. नेरच्या ऑटोत एका बाईने नयनच्या समोर विचारले की, पोटात असताना गिराण, म्हणजे ग्रहण, पाहिले होते का. बँकेच्या रांगेत एक गृहस्थ म्हणाले की, माय मोबाइल पाहाले मोकळी आणि पोट्टं कुत्र्याच्या भरवशावर. अंगणवाडीच्या दारात एकीने अगदी मायेने, हातात हात घेऊन, विचारले, 'दुसरं काहून नाही होऊ देत? हे त असंच राह्यन.' नयन तेव्हा काजळच्या कानाशी खेळत होता. रात्री त्याने आईला विचारले की, दुसरं म्हणजे काय. अर्जदाराने सांगितले, दुसरी कुत्री. तो म्हणाला, नको, काजळले राग येईन.

शेजारच्या अमिनाबी तेवढ्या कामाच्या. त्यांच्या ओसरीवर नमाजाची जागा असल्याने काजळ त्यांच्या उंबऱ्यापलीकडे जात नाही, आणि हे काजळलाही माहीत आहे. पण रस्त्यात कोणी घोळका करून उभे राहिले की अमिनाबी शिवणाचे काम हातात घेऊन तशाच बाहेर येतात आणि म्हणतात, 'वो ड्यूटी पे है. तुम भी अपनी ड्यूटी पे जाव.' शुक्रवारी बाजारात अमिनाबी नव्हत्या.

३. शुक्रवार, दिनांक १० रोजी बाजाराच्या दिवशी अर्जदार ही नयन व काजळ यांच्यासह कांदे घेण्यास गेली होती. तेथे श्री. सदाशिवराव हे भेटले. ते गावातील प्रतिष्ठित गृहस्थ असून नात्याने अर्जदाराच्या सासऱ्यांचे मावसभाऊ, म्हणजे अर्जदारासही सासऱ्याच्याच ठिकाणी, मामाजी. त्यांनी बोलायला थांबवले की डोक्यावर पदर घेऊन थांबायचे, ही रीत. त्यांच्याबरोबर बाहेरगावचे दोन पाहुणे होते आणि पाहुण्यांना काजळची माहिती हवी होती. अर्जदाराने माहिती दिली. कोठून आणली, कशी शिकवली, रोग काय, दवाखाना कुठला, दोष कोणाच्या घराण्यातला.

याच वेळी काजळने नयनच्या गुडघ्याला अंग लावले. अर्जदाराने ते पाहिले. तिने 'मामाजी, थांबा' एवढे म्हटले. त्यावर सदाशिवराव पाहुण्यांकडे पाहून हसले व म्हणाले, 'आम्ही बोलून राह्यलो न सूनबाई. कुत्रं काय पळून चाललं?' अर्जदार थांबली. फक्त त्या एका उत्तरापुरती थांबली.

तेवढ्यात काजळने आपले काम एकटीने केले. नयनला बसवले, आडवा केले, डोके पोटावर घेतले. नयनला फिट आली, हातपाय ताठ झाले आणि तोंडाला फेस आला. बाजारातल्या लोकांनी जे पाहिले ते असे : काळ्या कुत्र्याने पोराला खाली पाडले, त्याच्या अंगावर बसले, आणि पोराच्या तोंडातून फेस येतो आहे. फेस आणि कुत्रे एका जागी दिसल्यावर आपल्या गावात दुसरा विचार कोणाच्या डोक्यात येत नाही. पिसाळलेलं कुत्रं चावलं, अशी हाकाटी कांद्याच्या ढिगापासून कापडाच्या दुकानापर्यंत गेली.

अर्जदार सांगत होती. पण ज्यांना इतके दिवस तिच्या प्रत्येक उत्तराची हौस होती, त्यांपैकी त्या वेळी एकानेही तिला काही विचारले नाही. एकाने तिला बाजूला ओढून धरले. एकाने चप्पल काढून नयनच्या नाकाला दाबून धरली, श्वास जाईना तरी दाबून धरली. आणि बाकीच्यांनी काजळला हातगाडीच्या दांड्याने, छत्रीने व तराजूच्या दांडीने मारले.

काजळ हलली नाही, साहेब. पोर शुद्धीवर येईपर्यंत उठायचे नाही असे तिला शिकवले आहे. मारले की कुत्रे पळते, हे सर्वांना माहीत असल्याने आणि हे पळत नसल्याने, ते पिसाळलेलेच आहे याची सर्वांची खात्री पटली. तसे पंचनाम्यात लिहिलेही आहे : 'मार देऊनही जागा सोडली नाही, यावरून सदर श्वान पिसाळलेले असल्याचे दिसून आले.' खाली सदाशिवराव मामाजींची पहिली सही आहे.

नयनने डोळे उघडले तेव्हा कुठे ती उठली. तोवर तिच्या गळ्यात तारेचा फास पडला होता.

४. नयनला दवाखान्यात नेण्यात आले. डॉक्टरांनी कपडे काढून सगळे अंग पाहिले आणि दात लागल्याची एकही खूण नाही असे लिहून दिले (सोबत जोडले आहे). बरोबर आलेल्या मंडळींना ते पटले नाही. लाळ लागली असन, असे ते म्हणाले, आणि दाराशी एवढी माणसे उभी असल्यावर डॉक्टरांनीही सुई देऊन टाकली. आणखी सुया बाकी आहेत. सुई घेताना नयन रडला नाही. त्याने विचारले, 'काजळले पण देली का?' काजळला रेबीजची सुई दर वर्षी देण्यात येते व तिचे कार्ड आहे. ते कार्ड काल आपल्या कार्यालयात दाखवले असता, त्यावरील फोटो लहानपणीचा असून कुत्रे तेच आहे याला पुरावा काय, असे विचारण्यात आले.

५. काजळला दहा दिवस कोंडवाड्यात ठेवून निरीक्षण करावे, असा निर्णय झाला. दहा दिवसांत मेली तर पिसाळलेली होती असे समजायचे. जगली तर सोडायचे. हा नियम अर्जदारास मान्य आहे. नियम चांगला आहे. पण त्यात काजळचे एक असे काही आहे की जे निरीक्षण करणाऱ्यांना माहीत नाही.

ती परक्याच्या हातचे काही खात-पीत नाही.

हेही तिला शिकवलेले आहे. रस्त्यात कोणी बिस्कीट पुढे करतो, कोणी दत्ताचे कुत्रे म्हणून पोळी टाकतो, कोणी गंमत म्हणून सुपारी. ती खायला लागली तर तिचे लक्ष नयनवरून जाईल, म्हणून घरच्या माणसाने परवानगीचा एक शब्द उच्चारल्याशिवाय ती तोंड लावत नाही. कोंडवाड्याचे रखवालदार जहीरभाई यांनी शुक्रवारी संध्याकाळी तिच्यापुढे पाण्याचे घमेले ठेवले. तिने पाण्याकडे पाहिले, जहीरभाईंकडे पाहिले आणि मान फिरवली. जहीरभाईंनी घमेले पुढे सरकवले तेव्हा ती मागे सरकली. त्यांनी आपल्या कर्तव्याला अनुसरून नोंद केली, 'पाण्याला भिते.' ही नोंद वाचून पशुधन विभागाचे जे कर्मचारी फोनवर बोलले, ते म्हणाले की आता पाहण्यासारखे काही उरले नाही.

६. शनिवारी सकाळी अर्जदार कोंडवाड्यावर गेली. जहीरभाई हे बालबच्चेवाले आहेत. त्यांनी जाळीच्या बाहेर उभे राहू दिले. काजळचा एक डोळा सुजून मिटला होता. अर्जदाराने तो शब्द म्हटला. काजळ उठली आणि अर्धे घमेले पाणी प्याली. जहीरभाई स्वतःच्या डोळ्यांनी पाहत होते. ते म्हणाले, 'ताई, मी लिवतो. प्याली म्हणून लिवतो.'

त्यांनी लिहिले. परंतु त्या वेळी भिंतीवर बसून पाहणारे जे लोक होते, त्यांनी गावात वेगळे सांगितले. बाईने ओठातल्या ओठात मंत्र म्हटला आणि येड्या कुत्र्याने पाणी घेतले, असे. दुपारपर्यंत अर्जदाराच्या दारावरून जाणाऱ्या बायकांनी आपापल्या लेकरांचे डोळे झाकायला सुरुवात केली. संध्याकाळी जहीरभाईंना तोंडी सूचना आली की, त्या बाईला व तिच्या घरच्या कोणालाही आत घेऊ नये, जमाव होतो. जमाव अर्जदाराने बोलावलेला नव्हता.

७. तो शब्द 'आपलं' असा आहे. तो मंत्र नाही. आपलं म्हणजे, घे, हे आपल्याच घरचं आहे. शिकवताना संस्थेने एखादा असा शब्द निवडायला सांगितला होता की जो घरात आहे. नयनला तेव्हा फार शब्द येत नव्हते. हा येत होता. दोन वर्षे हा शब्द अर्जदाराने बाहेर कोणाला कळू दिला नाही. लोकांनी खूप विचारले. त्या एका प्रश्नाला ती नेहमी हसून बगल देत आली.

रविवारी तो सगळ्यांना कळला. भिंतीवरच्यांनी शनिवारी ऐकलाच होता. कोंडवाड्याभोवती पोरे जमली, मोठी माणसेही जमली आणि 'आपलं, आपलं' म्हणून रिकामे हात पुढे करू लागली. काजळ दर वेळी उठून आली. तिला वाटले, शब्द आला म्हणजे घरचे आले. रिकाम्या हाताचा वास घेऊन ती परत जाऊन बसे, आणि पुन्हा हाक आली की पुन्हा उठे. लोक हसत होते, असे जहीरभाईंनी सांगितले. त्यांनी हाकलले, पण सरकारी काठी एक आणि माणसे पुष्कळ. शेवटी कोणीतरी भाकरीत चुना भरून आणला आणि तो शब्द म्हटला. तिने खाल्ले.

तेव्हापासून ती त्या शब्दाला उठत नाही. तोंड आतून भाजले आहे, त्यामुळे लाळ गळते. 'लाळ गळते', अशीही नोंद झालेली आहे. रविवारपासून तिने पाण्याला तोंड लावलेले नाही. ऑक्टोबरचे ऊन साहेबांना ठाऊक आहे, आणि कोंडवाड्यावर छप्पर अर्धेच आहे.

८. रविवारीच दुपारी नयनला उंबऱ्यात फिट आली. अगोदर सांगणारी घरात नव्हती. कपाळाला चार टाके पडले. टाके घालणाऱ्या सिस्टरने विचारले की, आई असून लक्ष कसे नव्हते. लक्ष होते. अर्जदार त्याच्यापासून हातभर अंतरावर भाजी निवडत होती. तो पडण्याआधी त्याच्याकडेच पाहत होती, आणि तिला काहीही कळले नाही. माणसाच्या नाकाला ते कळत नाही.

आता अर्जदाराचा एक हात सतत त्याच्या अंगावर असतो. हा अर्ज तो झोपला असताना, त्याच्या पाठीवर डावा हात ठेवून लिहिला आहे. दोन वेळा तो कुशीवर वळला म्हणून लिहिणे थांबवावे लागले. अक्षर वाकडे आले असल्यास क्षमा असावी. झोपेत तो काजळसाठी जागा सोडून भिंतीला चिकटून निजतो, अजूनही. जागा झाला की विचारतो, 'काजळ रुसली का आपल्यावर? मी पडलो म्हणून?'

९. काल सोमवारी कार्यालय उघडताच अर्जदाराने पहिला अर्ज दिला. त्यासोबत संस्थेचे ओळखपत्र जोडले होते, ज्यावर 'सेवा श्वान' असे छापलेले आहे. आवक-जावकच्या टेबलावरील बाबूंनी ते वाचून विचारले की, सेवेत केव्हापासून आहे, नेमणुकीचा आदेश कोठे आहे, सेवापुस्तक भरले काय. अर्जदाराने समजावून सांगितले. तेव्हा ते म्हणाले, 'सेवेत हाय म्हणता न, मंग चौकशी होयपर्यंत निलंबित समजा.' सगळे टेबल हसले. अर्ज त्यांच्या हातात होता, म्हणून अर्जदारही हसली. नयनही हसला, कारण आई हसली.

दुपारी आपले पत्र मिळाले. त्याबद्दल अर्जदार आभारी आहे. इतक्या लवकर उत्तर येईल असे वाटले नव्हते. पत्रात नमूद आहे की, 'सदर श्वान रुग्णास झटका येण्यापूर्वी पूर्वसूचना देते, या दाव्याचे प्रात्यक्षिक समितीसमोर कार्यालयीन वेळेत करून दाखवावे. त्याकरिता रुग्णास झटका येण्याची तारीख व वेळ किमान तीन दिवस अगोदर लेखी कळवावी. प्रात्यक्षिक समाधानकारक झाल्यास श्वान सोडण्याचा विचार करता येईल.'

१०. त्यावर अर्जदाराचे नम्र निवेदन असे की, नयनला फिट केव्हा येणार हे अर्जदारास माहीत नाही. डॉक्टरांना माहीत नाही. नयनला स्वतःला माहीत नाही. ज्या एकीला ते कळते, ती आपल्या कोंडवाड्यात आहे, आणि तिलाही तीन दिवस आधी कळत नाही. शिवाय तिच्याकडे तीन दिवस आहेत असे दिसत नाही. ती मेली तर नियमाप्रमाणे पिसाळलेली ठरेल. मग नयनला उरलेल्या सगळ्या सुया घ्याव्या लागतील, आणि गावातली माणसे त्याला जन्मभर येड्या कुत्र्याचा चावलेला म्हणतील. तहानेने मेली, असे कोठेही लिहिले जाणार नाही.

हे सर्व अर्जदाराने काल बाबूंना तोंडी सांगितले. ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, आवाज कमी केला आणि उपाय सुचवला, 'गोळी नका देऊ न मंग एखाद दिवस. आपोआप येईन फिट. समितीले आम्ही बोलावून घेऊ.'

अर्जदार घरी गेली. संध्याकाळची गोळी तिने डबीतून काढून तळहातावर घेतली. बराच वेळ घेऊन बसली. नयनने स्वतःच तोंड उघडले, कारण त्याला ती वेळ माहीत आहे, आणि तिने गोळी दिली. आज सकाळचीही दिली. परंतु आज पहाटे सासरे नानाजी कोंडवाड्यापर्यंत जाऊन आले आणि त्यांनी सांगितले की, काजळ आता मान उचलत नाही.

११. तरी, साहेबांच्या चरणी विनंती अशी की, नयनला आज एकदा कोंडवाड्याच्या जाळीपर्यंत जाऊ द्यावे. शब्द लोकांनी खराब केला. अर्जदार शनिवारी त्याच शब्दाने बोलली असल्याने तिच्या आवाजावरही काजळचा भरवसा राहिला असेल की नाही, हे सांगता येत नाही. नयनला शब्दाची गरज नाही. तो नुसता घमेल्यापाशी बसला तरी ती पिईल, अशी अर्जदाराची खात्री आहे. तेथे त्याला काही झाल्यास कार्यालय जबाबदार राहणार नाही, असे अर्जदार लिहून देण्यास तयार आहे. किंबहुना या ओळीनेच लिहून दिले असे समजावे.

ही विनंती मान्य होण्यासारखी नसेल आणि प्रात्यक्षिकच पाहिजे असेल, तर त्यालाही अर्जदाराची ना नाही. ती नयनला घेऊन जाळीसमोर बसेल. समितीने सावलीत बसावे. काजळमध्ये उठण्याइतके बळ उरले असेल तर ती उठेल, जाळीला अंग लावेल, आणि थोड्या वेळाने अर्जदाराचा मुलगा समितीसमोर पडेल. त्या वेळी उपस्थितांना जे काही विचारायचे असेल ते त्यांनी नंतर विचारावे. अर्जदार उत्तरे देईल. आजवर दिलेली आहेत.

मात्र त्यासाठी गोळी बंद करणे आवश्यक आहे, ही सूचना तिला तोंडी मिळालेली आहे, आणि आपल्या कार्यालयात तोंडी गोष्टीला किंमत नाही, हे ती या चार दिवसांत शिकली आहे. तेव्हा 'नयन रजत गावंडे, वय ६, यास आजपासून फिट येईपर्यंत औषध देऊ नये' असा आदेश आपल्या सहीशिक्क्यानिशी लेखी मिळावा. नाहीतर पाणी पाजण्याची परवानगी मिळावी. दोन्हींपैकी कोणताही कागद चालेल.

संध्याकाळची गोळी तिने बरोबर आणली आहे. ती द्यायची की नाही, हे कृपया दिवे लागण्याच्या आत कळवावे.

आपल्या कार्यालयाच्या पायरीवर, मूल मांडीवर घेऊन थांबलेली,

(सही)
सौ. अपेक्षा रजत गावंडे

सोबत जोडलेली कागदपत्रे :
१. दात लागल्याची खूण नसल्याबाबत डॉक्टरांचा दाखला.
२. काजळचे रेबीज लसीकरणाचे कार्ड (फोटो लहानपणीचा).
३. संस्थेचे ओळखपत्र.
४. नयनच्या औषधांची चिठ्ठी. तीत 'एकही वेळ चुकवू नये' या शब्दांखाली डॉक्टरांनी दोन रेघा ओढलेल्या आहेत.